आडवाटेचे खेळ

इंटरनेटवरील हलक्याफुलक्या खेळांपैकी सर्वाधिक साधा असा एक खेळ इंटरनेट बंद पडल्यावरच समोर येतो. गूगलच्या क्रोम या ब्राउझरमध्ये, म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखवणाऱ्या साधनात, जोडणी तुटली की कोऱ्या पानावर चौकोनी ठिपक्यांनी रेखाटलेला एक करडा डायनासोर उभा राहतो आणि त्याच्याजवळ इंटरनेट नसल्याची सूचना येते. पुष्कळांना ते नुसते चित्र वाटते; परंतु संगणकावर स्पेसची कळ दाबली किंवा मोबाईलवर त्या प्राण्याला बोट लावले तर तो धावू लागतो. समोरून निवडुंग येतात, त्यांवरून उडी मारायची असते. गुण वाढतात तसा वेग वाढत जातो, पुढे उडते सरपटणारे प्राणी आडवे येऊ लागतात, पांढरे आकाश मध्येच काळे होते आणि थोड्या वेळाने पुन्हा उजाडते. निवडुंगाला धडक बसली की खेळ संपतो आणि त्याच बोटाने तो पुन्हा सुरूही होतो. क्रोमच्या रचनाकारांच्या एका लहान गटाने २०१४ साली हा खेळ घडवला. इंटरनेटवाचून राहणे म्हणजे प्रागैतिहासिक काळात जाऊन पडणे, या कल्पनेतून त्यासाठी डायनासोर निवडला गेला. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, कंपनीने दिलेल्या माहितीनुसार तो दरमहा सुमारे २७ कोटी वेळा खेळला जात होता, आणि त्याचे बहुतेक खेळाडू भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया यांसारख्या, मोबाईलचा डेटा महाग किंवा बेभरवशाचा असणाऱ्या देशांतील होते.

ही माहिती सुरगाण्याकडे पाहत वाचली की तिला जमीन मिळते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून असलेला हा तालुका सह्याद्रीच्या उतारांवर पसरलेला आहे. नार आणि पार या येथल्या नद्या पश्चिमेकडे वाहतात, हातगडचा किल्ला याच तालुक्यात आहे आणि भात, नागली व वरई ही येथील कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांची जुनी पिके आहेत. १९४८ पर्यंत हे एक छोटे संस्थान होते. आज तालुक्याच्या गावात नेट बऱ्यापैकी चालते. परंतु दरीतल्या पाड्यांवर रेंज कधी येते, कधी जाते, आणि ती कोणत्या टेकाडावर, कोणत्या वळणावर हमखास मिळते हे पोराटोरांना पाठ असते. रेशनच्या दुकानात अंगठा घेणारे यंत्र सर्व्हरची वाट पाहत थांबते, रांग त्या यंत्राची वाट पाहते, पावसाळ्यात एसटीची वाट पाहिली जाते, आणि भाताची लावणी आटोपली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतील कामाचा हंगाम येईपर्यंत त्याचीही वाट पाहिली जाते. वेबवरील छोट्या खेळांचा या वाट पाहण्याशी असलेला संबंध जवळचा आहे, आणि त्याकडे अभ्यासकांचे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही.

ज्यांना सामान्यतः ‘कॅज्युअल गेम’ म्हटले जाते ते खेळ म्हणजे नियम मिनिटभरात कळणारे, मध्येच सोडून देता येणारे आणि खेळाडूकडून कोणत्याही पूर्वतयारीची अपेक्षा न ठेवणारे खेळ होत. डच इतिहासकार योहान हायझिंगा यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात असे मांडले की खेळ ही नित्य व्यवहारापासून वेगळी काढलेली, स्वतःच्या सीमा व स्वतःचे नियम असणारी जागा असते आणि माणूस तेथे स्वेच्छेने जातो. त्यानंतर वीस वर्षांनी फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी खेळांचे चार मूलभूत प्रकार सांगितले: चढाओढ, नशीब, सोंग आणि भोवळ. सुरगाणा, पेठ, जव्हार, मोखाडा या पट्ट्यातील बोहाड्याच्या उत्सवात देवदेवतांचे मुखवटे चढवून रात्रभर जी सोंगे नाचवली जातात ती पाहणाऱ्याला कायवा यांच्या चारांपैकी तिसरा आणि चौथा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मात्र हायझिंगांनी सांगितलेली ती वेगळी जागा कॅज्युअल खेळाच्या बाबतीत अतिशय अरुंद असते. ती दोन कामांच्या मधल्या फटीत मावते, आणि तिचे सामर्थ्यही त्यातच आहे.

या फटीचा इतिहास वेबपेक्षा जुना आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांपासून नाणेघाटापर्यंत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दगडावर कोरलेले पट सापडतात. समोरासमोर खळग्यांच्या दोन ओळी असलेला मंकाळा त्यांपैकी एक. घाटवाटेवर थांबलेल्या वाटसरूंनी, व्यापाऱ्यांनी आणि राखणदारांनी हे पट वापरले असावेत, असे अनुमान त्यांच्या जागांवरून करता येते. संगणक आल्यावर ती जागा पत्त्यांच्या डावाने घेतली. मायक्रोसॉफ्टने १९९० साली विंडोजसोबत सॉलिटेअर दिले. पत्ता पकडून ओढत नेण्याच्या निमित्ताने नवख्या हातांना माउसची सवय व्हावी हा त्यामागील एक हेतू होता असे सांगितले जाते. महाराष्ट्रात २००१ पासून महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचला आणि शासकीय नोकरीसाठी तो आवश्यक ठरल्यामुळे हजारो तरुण पहिल्यांदा संगणकासमोर बसले. अभ्यासक्रमातील धडा संपल्यावर उरलेल्या वेळात उघडलेला पत्त्यांचा डाव कोणत्याही प्रमाणपत्रावर नोंदलेला नाही, तरी बोटांचे बरेचसे शिक्षण तेथेच झाले, हे नाकारण्याचे कारण नाही.

पुढचा टप्पा फ्लॅशचा. फ्लॅश हे ब्राउझरच्या आत हलती चित्रे आणि खेळ चालवणारे तंत्र १९९६ च्या सुमारास आले आणि सायबर कॅफेच्या काळात तासावर पैसे मोजून खेळल्या जाणाऱ्या छोट्या खेळांपैकी बहुतेक त्यावरच चालत. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला, आणि एका पिढीचे खेळ एकाएकी न उघडणारी पाने झाले. सुदैवाने ‘फ्लॅशपॉइंट’ या स्वयंसेवी प्रकल्पाने असे लाखाहून अधिक खेळ जतन केले, तर ‘रफल’ या इम्युलेटरमुळे, म्हणजे जुन्या तंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावलीमुळे, त्यांपैकी पुष्कळ आज पुन्हा खेळता येतात. पैसा, कीर्ती यांपैकी काहीही मिळण्याची शक्यता नसताना केलेले हे काम मोठ्या आदराने पाहण्याजोगे आहे.

परंतु खेळ असणे आणि तो सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि गमतीच्या संकेतस्थळांचा खरा आनंद त्यांच्या सापडण्यात आहे. कॅनडातील कॅल्गरी येथे २००१ साली सुरू झालेली ‘स्टंबलअपॉन’ ही सेवा याच तत्त्वावर उभी होती: आवडीचे विषय सांगायचे, एक कळ दाबायची, आणि कोणा अनोळखी माणसाने आवडले म्हणून नोंदवलेले एखादे पान समोर येई. ३० जून २०१८ रोजी ती बंद झाली. तोपर्यंत शोधण्याचे काम समाजमाध्यमांच्या अल्गोरिदमकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या मागील वागण्यावरून पुढे काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या गणिती पद्धतीकडे, गेले होते. जुन्या कळीमागे निदान एक माणूस असे आणि त्याला काहीतरी आवडलेले असे. अल्गोरिदमच्या मागे पाहणाऱ्याचीच कालची सावली असते. मराठीत या अवचित सापडण्याची एक सोय अद्याप शाबूत आहे, ती म्हणजे १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील ‘अविशिष्ट लेख’ हा दुवा. त्यावर बोट ठेवले की कोणताही लेख उघडतो. त्यात एखादे दूरचे गाव येईल, एखादा विस्मृत क्रिकेटपटू येईल किंवा एखादा पक्षी. तो खेळ म्हणून रचलेला नसला तरी कोणत्याही दोन लेखांतून वाट काढत तिसऱ्या लेखापर्यंत कमीत कमी दुव्यांत कोण पोहोचतो, अशी शर्यत त्यावर सहज लावता येते.

एकट्या माणसाने केवळ स्वतःला वाटले म्हणून तयार केलेल्या संकेतस्थळांचे उत्तम उदाहरण म्हणून अमेरिकेतील नील अग्रवाल या तरुणाच्या पानांकडे बोट दाखवता येईल. त्याचे ‘द डीप सी’ हे पान समुद्राच्या पृष्ठभागापासून सुरू होते आणि वाचकाने स्क्रोल करायचे, म्हणजे बोटाने पान वर सरकवत खाली उतरत जायचे, एवढेच त्यात असते. प्रत्येक प्राणी तो ज्या खोलीवर आढळतो त्या खोलीवर चितारलेला आहे. आरंभी ओळखीचे मासे भेटतात, मग उजेड कमी होत निळा रंग काळ्याकडे झुकतो. पेंग्विन आणि देवमासे किती खोल बुडी मारतात हे कळते, पुढे टायटॅनिक जहाजाचे अवशेष येतात, आणि त्यानंतर हिमालयाचे सर्वोच्च शिखर उलटे धरले तर ते कोठे संपेल याची नोंद येते. तरीही तळ आलेला नसतो. सुमारे ११ किलोमीटरवरच्या तळापर्यंत पोहोचेतो अंगठा खरोखर दुखू लागतो, आणि भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेला आकडा शरीराला कळतो. या पानात गुण नाहीत, हारजीत नाही. इंग्रजी फारसे न येणाऱ्या मुलालाही ते समजते, कारण त्यातील आशय शब्दांपेक्षा अंतरात साठवलेला आहे. समुद्र न पाहिलेल्या, परंतु ज्याच्या शिवारातले पाणी नदीवाटे अरबी समुद्रालाच मिळते अशा मुलाच्या हाती हे पान लागावे, यासारखी दुसरी चांगली गोष्ट सुचणे कठीण आहे.

मात्र ते हाती लागण्याच्या आड वजन येते. येथे वजन याचा अर्थ पान उघडण्यासाठी उतरवून घ्यावा लागणारा डेटा. आजचे सर्वसाधारण वेबपान २ एमबीहून अधिक भरते. शहरात हा आकडा कोणाच्या लक्षातही येत नाही, पण रेंजचा एकच दांडा असलेल्या ठिकाणी तेवढ्याने फिरते वर्तुळ थांबत नाही. या दृष्टीने ‘वर्डल’ या शब्दखेळाची मूळ रचना अभ्यासण्याजोगी आहे. जॉश वॉर्डल या संगणक-अभियंत्याने तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी तयार केला. रोज एक शब्द, पाच अक्षरे, सहा प्रयत्न. इंग्रजीतील पाच अक्षरी शब्दांच्या प्रचंड यादीतून सामान्य माणसाला ओळखीचे वाटतील असे सुमारे अडीच हजार शब्द पलकनेच निवडले. ही सारी यादी पानाच्या आतच साठवलेली असल्यामुळे पान एकदा उघडले की पुढे जोडणीची गरज उरत नसे. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला त्याचे खेळाडू ९० होते, २ जानेवारी २०२२ ला ३ लाख, आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. जाहिरात कोणतीही नव्हती. खेळाडू आपला निकाल हिरव्या-पिवळ्या चौकोनांच्या रूपात एकमेकांना पाठवत आणि त्या चौकोनांचे कोडे न उलगडल्यामुळे पाहणारा खेळाकडे वळे. मराठीत असा खेळ रचायचा तर अक्षर कशाला म्हणावे हा पहिलाच प्रश्न गुंतागुंतीचा होतो, कारण काना-मात्रा-वेलांटी वेगळे मोजायचे की अक्षरातच धरायचे, जोडाक्षर एका घरात बसवायचे की दोन, यावर खेळाची सोपी-अवघड पातळी पूर्णतः बदलते. आणि हा निर्णय भाषेची जाण असलेल्यानेच करावा लागतो.

वजनाइतकाच दुसरा अडसर नकाशाचा आहे. २०१३ साली स्वीडनच्या अँटोन वॉलेन याने तयार केलेल्या ‘जिओगेसर’ या खेळात खेळाडूला जगातल्या कोणत्या तरी रस्त्यावर सोडले जाते आणि माती, झाडे, पाट्या, खांब पाहून आपण कोठे आहोत हे नकाशावर दाखवायचे असते. त्यासाठी लागणारी रस्त्यांची छायाचित्रे गूगलच्या ‘स्ट्रीट व्ह्यू’ या सेवेतून येतात. भारतात ती सेवा दीर्घकाळ अडून राहिल्यानंतर जुलै २०२२ मध्ये १० शहरांत सुरू झाली आणि त्यांत मुंबई, पुणे, अहमदनगर यांच्याबरोबर नाशिकचाही समावेश होता. तालुक्याच्या गावांची त्या पहिल्या यादीत वर्णी लागणे शक्य नव्हते, हे खरे. तरीही एखाद्या प्रदेशाचे जगाच्या खेळात असणे किंवा नसणे अशा याद्यांवरून ठरते याची नोंद घेणे आवश्यक आहे. माती आणि झाड पाहून गाव ओळखणे ही विद्या तर डोंगरातल्या गुराख्याकडे शहरी खेळाडूपेक्षा कितीतरी अधिक असते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सापडल्यावर सर्वाधिक दूरवर नेणारे संकेतस्थळ पुण्यातून उभे राहिले, असे म्हणता येईल. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले अरविंद गुप्ता हे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम करत होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या असंख्य कृती आणि अनेक भाषांतील, त्यात मराठीही, हजारो पुस्तके विनामूल्य ठेवलेली आहेत. त्यांपैकी आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची कृती सर्वांत प्रसिद्ध. ट्यूबचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे कापायचे, त्यांच्या दोन्ही टोकांत काड्या खोचायच्या आणि आकार जोडत जायचे; चार काड्यांचा चौकोन हाताने दाबला की लवतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलतही नाही, आणि घराच्या आढ्याखाली किंवा पुलाच्या बांधणीत त्रिकोण का असतात याचे उत्तर बोटांना मिळते. यासाठी लागणारी ट्यूब सायकल-दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात मिळते, आणि नेट एकदाच, तेही कृती पाहण्यापुरते, लागते. आश्रमशाळेतील एखाद्या शिक्षकाने हे पान टेकाडावर उघडून पाहिले तर खाली वर्गात येईपर्यंत त्याच्याजवळ महिनाभराचे तास असतात.

या साऱ्याच्या उलट बाजूला पैशाचे खेळ आहेत, आणि त्यांच्याबद्दल संदिग्ध राहता येत नाही. सारीपाट आणि पचिशी हे भारतीय खेळ. त्यांचे सुटसुटीत रूप लुडो या नावाने १८९६ साली इंग्लंडमध्ये नोंदले गेले, आणि २०१६ साली नवी मुंबईतील एका कंपनीने ‘लुडो किंग’ या नावाने ते मोबाईलवर परत आणले. २०२० च्या टाळेबंदीत हा खेळ घराघरांत खेळला गेला आणि त्यात विखुरलेली कुटुंबे एका पटाभोवती बसली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु त्याच मोबाईलवर पत्ते आणि फाशांचे पैसे लावून खेळायचे अनेक खेळही आले, ज्यांत मजुरीचे पैसे एका रात्रीत जाऊ शकत. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. आगाऊ उचल घेऊन हंगामी कामाला जाणाऱ्या माणसाच्या खिशाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना या कायद्याची गरज पटवून द्यावी लागणार नाही. जुगाराचे खेळ स्वतःहून माणसाला शोधत येतात, जाहिरातीच्या रूपाने, पुन्हा पुन्हा. निर्हेतुक खेळ मात्र माणसालाच शोधावा लागतो, हा त्या दोहोंतील फरक फारच बोलका आहे.

आणि सुरगाण्यासारख्या ठिकाणी तो शोध कसा लागतो हे पाहिले तर जुन्या वाटेचेच पुन्हा दर्शन होते. येथे नवे संकेतस्थळ बहुधा दुसऱ्याच्या मोबाईलवर पाहिलेले असते: द्राक्षबागेच्या कामावरून परतलेल्या चुलत्याच्या, नाशिकला शिकायला गेलेल्या ताईच्या, शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या. हॉटस्पॉट चालू करून म्हणजे एकाच्या मोबाईलचे नेट दुसऱ्याला वाटून देऊन तो खेळ उघडला जातो आणि नियम तोंडी सांगितले जातात. सागरगोटे, विटी-दांडू, वाघ-बकरी हे खेळ असेच हातोहात आले. त्यांची नियमपुस्तिका कोणी वाचली नाही.

यातील वाघ-बकरीचा विचार वेबच्या अंगाने गंभीरपणे व्हायला हवा. रेषांनी आखलेला पट, थोडे वाघ, पुष्कळ बकऱ्या. वाघाने उडी मारून बकरी खायची आणि बकऱ्यांनी एकजुटीने वाघाची कोंडी करायची, असा हा दोन बाजूंचे बळ मुळातच असमान असलेला खेळ आहे. आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस साजरी करणाऱ्या आणि वाघदेवाला नारळ वाहणाऱ्या या पट्ट्यात त्या सोंगट्यांना जो अर्थ आहे तो इतरत्र क्वचितच असेल. स्क्रॅचसारख्या साधनावर, म्हणजे ओळी लिहिण्याऐवजी रंगीत ठोकळे जुळवून आज्ञावली बनवण्याच्या, एमआयटीने २००७ साली खुल्या केलेल्या विनामूल्य सोयीवर, शाळकरी मुले या खेळाचा पहिला कच्चा पट करू शकतात, आणि पुढे कोणी जाणकाराने हात लावला तर तोच पट साध्या रेषांच्या वेबपानात मोजक्या केबींत बसेल, एकदा उघडल्यावर रेंज नसतानाही चालेल आणि एकाच मोबाईलवर दोघांना समोरासमोर खेळता येईल. नियम लिहून न ठेवता गावातल्या एखाद्या आजीच्या आवाजात, कोकणा बोलीत, सांगितलेले असावेत. पटापेक्षा आणि सोंगट्यांपेक्षा त्या मिनिटभराच्या आवाजाचेच वजन पानात जास्त भरेल, तरी कपात करायची वेळ आली तर ती रंगांत करावी, आवाजात करू नये.